मूठ जरा जपून पिळा

स्वस्तातली विजेची स्कूटर घेतली. रत्नागिरीत थिबा राजवाड्याच्या चढावर थांबून मूठ जराशी पिळली, तर गाडीने अशी उसळी घेतली की मागे बसलेली सौ. रस्त्यावर! खरचटण्यावर निभावलं.

मुठीतला चुंबक फिरला की हॉल सेन्सरचा दाब साधारण ०.८ पासून ४ व्होल्टपर्यंत चढतो. साधा कंट्रोलर त्यानुसार मोटरला व्होल्टेज देतो. फिरती मोटर उलटा दाब निर्माण करून करंट आवरते. थांबलेल्या मोटरला तो लगाम नसतो.

आमच्या कंट्रोलरच्या तीन वेगांच्या वायरी मोकळ्याच होत्या. मेकॅनिकने बटण जोडलं. पहिल्या वेगावर पूर्ण मूठ पिळली तरी व्होल्टेज बेताचंच. चढावर गाडी धापा टाकते, पण उसळत नाही. सौ. मात्र अजून माझा पट्टा घट्ट धरूनच बसते.