चिलीम सापडली, पण गुन्हा कुठला?

रत्नागिरीहून बोलतोय. आजचा विषय एका फोनवरून सुचला.

माझा कॉलेजचा मित्र गोव्याहून गाडीने घरी येत होता. नाक्यावर बॅग तपासली, तर आत मातीची चिलीम. शोकेसमध्ये ठेवायला घेतलेली, कोरी करकरीत. पोलिसांनी उलटसुलट पाहिली, चार प्रश्न विचारले आणि सोडलं. पण पठ्ठ्या एवढा घाबरला की रात्री साडेअकराला मला फोन. "अरे, नुसती चिलीम जवळ असणं गुन्हा आहे काय रे?"

मी वकील नाही, कोड लिहिणारा माणूस. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून कायदाच उघडून वाचला.

अमेरिकेत बऱ्याच राज्यांत नशेचं साहित्य बाळगणं हाच वेगळा गुन्हा आहे. १९७९ च्या एका नमुना कायद्यावरून ते कायदे आले. वस्तूला ड्रग्जचा अंश चिकटलाय का, ती ड्रग्जजवळ सापडली का, मालक काय म्हणाला, हे तिथलं कोर्ट बघतं.

आपल्याकडे १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे. नुसती चिलीम किंवा रोलिंग पेपर बाळगण्यासाठी त्यात वेगळं कलम नाही. मग सुटलो? थांबा जरा.

पहिली गोष्ट, आतली राख. चिलमीत गांजाचा अंश निघाला, तर केस चिलमीची राहत नाही, गांजाची होते. गांजा १ किलोपर्यंत 'अल्प प्रमाण' धरतात, पण खाली मर्यादाच नाही. शिक्षा १ वर्षापर्यंत. आणि कलम ६० खाली चिलीमही जप्त.

दुसरी, बनवण्याची साधनं. ड्रग्ज तयार करायला खास बनवलेली उपकरणं सापडली आणि समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर कलम ५४ प्रमाणे कोर्ट गुन्हा गृहीत धरू शकतं.

तिसरी, आपल्या राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा. हातभट्टीचं सामान दारू गाळण्यासाठी ठेवणं हाच कलम ६५ खाली गुन्हा आहे, दारूचा थेंब नसला तरी. सामान कशासाठी, हे कलम १०३ मुळे आपल्यालाच सांगावं लागतं.

आता खरी मेख. ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या दापोलीच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहून आली होती. समजा, कुणी कुतूहलाने एक उचलून घरी नेलं. "मला माहीत नव्हतं" म्हणून चालेल? कलम ३५ म्हणतं, माहीत होतं असंच कोर्ट धरून चालेल. नव्हतं, हे आरोपीने सिद्ध करायचं, तेही संशयाला जागा न ठेवता.

म्हणजे डिफॉल्ट व्हॅल्यूच आपल्या विरुद्ध! पण २००८ च्या नूर आगा निकालात सुप्रीम कोर्टाने त्याला एक अट घातली. वस्तू खरंच याच माणसाच्या ताब्यात होती, जप्ती आणि नमुने नीट झाले, हे आधी सरकारने सिद्ध करायचं. त्यानंतरच ओझं आरोपीवर. म्हणून पंचनामा, सील, लॅबचा रिपोर्ट यांवर केस तरते किंवा बुडते.

पण तो निकाल लागेपर्यंत? ऑक्टोबर २०२० मध्ये रिया चक्रवर्तीला जामीन देताना मुंबई हायकोर्टाने म्हटलं, या कायद्याखालचे सगळे गुन्हे अजामीनपात्र आहेत. म्हणजे प्रमाण अल्प असलं तरी जामिनासाठी कोर्टाची पायरी चढायची. निर्दोष सुटाल हो, पण तोवर नोकरी, पासपोर्ट आणि घरच्यांची झोप?

म्हणून सांगतो, दुसऱ्याची बॅग "जरा धर रे" म्हणून धरू नका. कुणी मित्र व्यसनात अडकला असेल, तर त्याला कलम ६४अ सांगा. अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या केसमध्ये व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घ्यायला तयार झाला, तर खटल्यातून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले, तर मात्र ती सूट जाऊ शकते.

मित्राची चिलीम? आईने तिच्यात उदबत्ती खोचलीय.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!