जलाशयाची सहल आणि बालमनाची पूर्वतयारी
(सुवर्णमहोत्सवानिमित्त पालक व शिक्षकांसमोर दिलेले व्याख्यान)



कळमनुरी तालुक्याला निसर्गाने आणि मानवी श्रमाने मिळून एक मोठे धन दिले आहे. इसापूर येथे पैनगंगेवर मातीचे धरण झाले, ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचा विस्तीर्ण जलाशय निर्माण झाला आणि शेतीच्या पाण्यापाठोपाठ पक्षीही आले. २०१४ साली या परिसरास पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याचे सुमारे ३८ चौरस किलोमीटर क्षेत्र हिंगोली व यवतमाळ या दोन जिल्ह्यांत विभागलेले आहे. दूरच्या सहलींपूर्वी मुलांना हा घराजवळचा पाणवठा दाखवावा, हे उचितच होय. मात्र पूर्वतयारीविना नेलेले पन्नास विद्यार्थी म्हणजे पक्ष्यांच्या दृष्टीने स्वारीच!

ही तयारी वर्गात नव्हे, मंदिरात सुरू व्हावी. पाचवे तीर्थंकर भगवान सुमतिनाथ यांचे लांछन दिगंबर परंपरेत चकवा, तर श्वेतांबर परंपरेत क्रौंच मानले जाते. दोन्ही पक्षीच. पाठशाळेतील मूल लांछनांची नावे घडाघडा म्हणते, परंतु चकवा कसा दिसतो असे विचारल्यास गप्प बसते. नारिंगी-तपकिरी अंगाचे, फिकट डोक्याचे हे बदक लडाख, तिबेट व मध्य आशियातील सरोवरांकाठी वीण करते आणि हिवाळ्यात महाराष्ट्रातील जलाशयांवर उतरते. ज्याला वेदीवर नमस्कार केला, त्याच्यावर पाण्याकाठी दगड कसा भिरकवावा? हा प्रश्न मुलांच्या मनात आपोआप उमटला, तर निम्मे काम झाले.

काळ कोणता निवडावा? चातुर्मासात जीवोत्पत्ती विपुल असते, म्हणून साधू-साध्वी एका स्थानी राहतात आणि कार्तिकी पौर्णिमेनंतर विहार सुरू होतो. पाहुणे पक्षीही याच सुमारास येतात. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. पाच तारीख मारुती चितमपल्ली यांच्या जन्माची, बारा तारीख डॉ. सालिम अली यांच्या जन्माची. त्यानंतरचे आठवडे सहलीस उत्तम.

चालण्याचे शिक्षण मुनींच्या ईर्यासमितीतून द्यावे. चार हात पुढची जमीन निरखून पाऊल टाकावे, हा नियम टिटवीला फार उपकारक आहे. ती उघड्या माळावर खड्यांमध्येच अंडी घालते आणि अंड्यांचा रंग मातीशी इतका मिळतो की पायाखाली आल्यावरच कळावे. उन्हाळ्यात सहल काढणाऱ्यांनी तर हे विशेष ध्यानी ठेवावे. बोलण्याविषयी निराळे काय सांगावे? भाषासमिती आहेच. कपडे भडक नसावेत, पक्ष्याने मान उंचावली की तेथेच थांबावे. थव्याला उडवून छायाचित्र घेणे हा खेळ नव्हे. हजारो कोसांचा प्रवास करून आलेल्या जीवाचे बळ त्यात व्यर्थ खर्ची पडते.

आता एक अवघड गोष्ट. जैन घरांत पक्ष्यांना दाणे घालणे, माशांना कणकेच्या गोळ्या देणे ही जीवदया मानली जाते. मुले तीच भावना घेऊन पाण्याकाठी जातील आणि डब्यातील पोळी, फरसाण टाकतील. त्यांना प्रेमाने, पण स्पष्टपणे थांबवावे लागेल. जलाशयातील पक्ष्यांचे अन्न त्या चिखलात आणि पाणवनस्पतींत आहे. टाकलेल्या खाऊवर कावळे व भटकी कुत्री जमतात आणि त्यांची नजर पुढे घरट्यांकडे वळते. येथे हात आवरणे हीच दया. घरातील वडीलधाऱ्यांना हे पटणे मुलांपेक्षा कठीण जाईल, म्हणून पालकसभा आधी घ्यावी.

शिंपले, पिसे, बेडकाची पिल्ले घरी आणण्याचा मोहही अनावर असतो. त्यावर आजीच्या पाणी गाळण्याचे उदाहरण द्यावे. गाळण्यावर राहिलेले जीव ती त्याच विहिरीत परत सोडत असे, दुसऱ्या विहिरीतही नाही. ज्या पाण्याचे जीव, त्याच पाण्यात. एवढे सांगितले की मूल उचललेला शिंपला स्वतःहून खाली ठेवते.

कायद्याचीही ओळख असावी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यात प्राण्यांना छेडणे आणि कचरा टाकणे यांस मनाई केली आहे. वनविभागाची परवानगी शिक्षकांनी अगोदर घ्यावी. धरणाच्या काठचा गाळ फसवा असतो, म्हणून एकाही मुलास पाण्यात उतरू देऊ नये, यात सवलत नाही. डबे स्टीलचे, पाणी घरून गाळून-उकळून आणलेले, आणि रिकाम्या पिशव्या परत दप्तरात.

रात्रिभोजन न करणाऱ्या घरांतील मुले सूर्यास्तापूर्वी जेवायला घरी पोचली पाहिजेत. तेव्हा गाडी पहाटे लवकर सोडावी. पक्षीही सकाळीच अधिक दिसतात. दुपारी परतीची वेळ झाली की हजेरी घ्यावी आणि काठावर शेवटची दहा मिनिटे कोणीही न बोलता बसावे. त्या वेळात काय ऐकू आले, ते मुलांनी दुसऱ्या दिवशी वहीत लिहावे.