जन्म कोणाचा धरावा?



कृष्णाकाठच्या एखाद्या आजीला “मुले किती?” असे विचारावे, तर ती “तीन” म्हणते आणि थोडे थांबून, “एक पाचवीच्या आत गेलं,” असे पुटपुटते. त्या चौथ्याची सटवी पुजली गेली नाही, बारसे झाले नाही; म्हणून घराच्या हिशेबात ते धरलेच जात नाही. सरकारच्या हिशेबात ते आले होते काय, एवढेच आज आपणांस पाहावयाचे आहे.

बालमृत्यूचे प्रमाण काढण्याची रीत सोपी आहे. वर्षभरात जिवंत जन्मलेली मुले खाली मांडावयाची, एक वर्षाच्या आत दगावलेली वर मांडावयाची आणि हजाराने गुणावयाचे. नमुना नोंदणी पाहणीप्रमाणे २०२० साली हा आकडा भारतात २८ व महाराष्ट्रात १६ होता. परंतु सगळी मेख ‘जिवंत जन्मलेली’ या दोन शब्दांत आहे.

आपल्याकडे १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा आहे. त्याप्रमाणे गर्भ कितीही महिन्यांचा असो, तो आईपासून पूर्ण बाहेर आल्यावर त्याने श्वास घेतला किंवा जीव असल्याची दुसरी कोणतीही खूण दाखविली की तो जिवंत जन्म ठरतो. मृतजन्म मात्र ठरीव मुदतीनंतरचाच. नियमांनी ती २८ आठवडे धरली आहे. म्हणजे सव्वीस आठवड्यांचे मूल एकदा श्वास घेऊन गेले, तर एक जन्म आणि एक मृत्यू अशा दोन नोंदी व्हावयास हव्यात. श्वास घेतला नाही, तर एकही नाही!

समजा, एका तालुक्यात हजार जन्म झाले आणि तीस मुले दगावली. त्यांपैकी पाच पहिल्या तासातच गेली आणि कोणी त्यांना ‘मेलेलेच आले’ असे लिहून टाकले. प्रमाण तिसावरून पंचवीसवर आले. एकही मूल वाचले नाही, पण आकडा सुधारला. यात दर वेळी लबाडीच असते असे आम्ही म्हणत नाही. रात्री दोन वाजता दिव्याच्या उजेडात सुईणीने नाडी पाहावी की आईला सांभाळावे? सोव्हिएत रशियात तर नियमच असा होता, की हजार ग्रॅमांहून कमी वजनाचे मूल सात दिवसांच्या आत गेले तर तो जिवंत जन्म धरावयाचा नाही. म्हणून त्या काळचे तिकडचे आकडे आपल्या आकड्यांशेजारी तसेच मांडता येत नाहीत.

हा नुसता आकडेवाल्यांचा वाद नव्हे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने, बाप वारला तेव्हा गर्भात असलेले मूल पुढे जिवंत जन्मले तर ते वारस होते. एक माणूस मृत्युपत्र न करता गेला. मागे म्हातारी आई आणि गरोदर बायको. त्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेचे दोघींना अर्धे-अर्धे मिळावयाचे. पण मुलगा जन्मला, क्षणभर रडला आणि गेला, तर आधी तीन वाटे होतात आणि त्याचा वाटा त्याच्या आईकडे येतो. त्या एका रडण्याने विधवेचा वाटा अर्ध्याचा दोन-तृतीयांश होतो. आता वहीत काय लिहिले, याला किती मोल आले पाहा!

आमच्या दोन जिल्ह्यांची आणखी एक गंमत आहे. गंमत म्हणावयाची ती केवळ शब्दापुरती. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. सोयरीक मात्र तुटली नाही. तासगावची लेक खटावात दिलेली असते. पहिलटकरीण म्हणून ती माहेरी येते. घटना जेथे घडली तेथे नोंदवावयाची, असा नियम. त्यामुळे जन्म सांगली जिल्ह्यात लागतो. तीन महिन्यांनी बाळाला घेऊन ती सासरी जाते आणि पावसाळ्यात बाळ न्युमोनियाने दगावते. मिरजेच्या इस्पितळांत तर आसपासच्या जिल्ह्यांतून अडलेल्या बायका येतात. तेथे उलटेही घडते. नमुना पाहणीत कुटुंबाचे नेहमीचे राहणे पाहतात, म्हणून तेथे ही ओढाताण नाही. पण जिल्ह्याच्या वह्या घेऊन कोणी प्रमाण काढू लागला, तर त्या खटावच्या वहीत मृत्यू आहे, जन्म नाही. आणि तासगावच्या वहीत जन्म आहे, मृत्यू नाही.