सुरमईसोबत कोणती वाईन?

पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या मालवणी हॉटेलात वाईनचं कार्ड हाती आलं, तर त्याच्या लांबीवर जाऊ नका. पांढऱ्या वाईन किती आहेत आणि बाटलीवर साल कोणतं, ते बघा. शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ या ताज्याच बऱ्या. रव्यात घोळवून तळलेल्या सुरमईच्या तुकडीवर त्यांचा आंबटपणा लिंबाचं काम करतो. लाल वाईनमधल्या लोहाने मात्र माशाचा वास उग्र होतो. आणि वाईन आपल्याकडेही बनते: चाकणहून नाशिक रस्त्याने पुढे नारायणगाव लागतं. तिथे १९८०च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी शॅम्पेनच्या पद्धतीने फेसाळ वाईन बनवली आणि परदेशातही विकली! म्हणून आपल्या मातीतली एखादी तरी वाईन कार्डावर हवीच. ग्लासने मागवणार असाल, तर बाटली कधी उघडली, हे जरूर विचारा.