घरी भरलेली कॅसेट

मैत्रिणींनो, आज ऐकवणार आहे त्या गाण्यांत खरखर आहे. स्पीकर बिघडलेला नाही; ती कॅसेटमधलीच आहे. अशा घरगुती, ओबडधोबड ध्वनिमुद्रणाला 'लो-फाय' म्हणतात.

१९९१ साली, अमेरिकेत शिकागोजवळच्या विनेट्कामध्ये लिझ फेअर ही चोविशीच्या आसपासची मुलगी आईवडिलांच्या घरी परत आली होती. तिथे गिटार आणि चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर घेऊन तिने एकटीने 'गर्ली साउंड' नावाच्या कॅसेटी भरल्या. हे यंत्र समजून घेण्यासारखं आहे. साध्या कॅसेटच्या फितीवर चार पट्ट्या असतात: एका बाजूच्या दोन, उलटवली की दुसऱ्या दोन. हा रेकॉर्डर चारही पट्ट्या एकाच दिशेने वापरतो. आधी गिटार भरायची, ती ऐकत आवाज भरायचा, मग आपल्याच आवाजाला आपणच साथ द्यायची. टॅस्कम कंपनीने असं पहिलं यंत्र १९७९ मध्ये आणलं. तासावर भाडं घेणारा स्टुडिओ नको, आणि काचेपलीकडून 'जरा मोठ्याने गा' म्हणणारा कुणी नको.

मला या गाण्यांत तेच ऐकू येतं: खोलीत दुसरं कुणी नाही. 'डिव्होर्स साँग' हे प्रवासाला निघालेल्या जोडप्याच्या भांडणाचं गाणं. त्यात आरडाओरडा नाही, रडणं नाही. शरीराच्या इच्छेबद्दलही ती अशीच सपाट आवाजात गाते. लाजणं नाही, आणि कुणाला भुलवण्यासाठी केलेलं धीटपणाचं नाटकही नाही. ('हिला गाता येत नाही' म्हणणारे होतेच. असतातच.)

कॅसेट तिने मोजक्या मित्रांना दिली. त्यांनी प्रती काढल्या, प्रतींच्या प्रती झाल्या. पुढे काही गाणी शिकागोच्या स्टुडिओत ब्रॅड वुडबरोबर पुन्हा ध्वनिमुद्रित झाली आणि १९९३ मध्ये 'एक्झाइल इन गायव्हिल' आला. गायव्हिल म्हणजे पुरुषांचं गाव, तिथल्या रॉकवाल्यांचं. रोलिंग स्टोन्सच्या १९७२ च्या अल्बमला गाण्यागणिक दिलेलं हे उत्तर, असं ती सांगत आली आहे. अल्बम उत्तमच आहे, पण मला कॅसेट जास्त आवडते. अल्बममधली बाई ऐकणाऱ्यांना सांगते आहे. कॅसेटमधली अजून स्वतःशीच बोलून बघते आहे.

एक गोष्ट मात्र टोचते. विनेट्का हे श्रीमंतांचं उपनगर. दार लावता येईल अशी खोली तिथे होती. १९९८ मध्ये 'बिकिनी किल'च्या कॅथलीन हॅनाने 'ज्युली रुइन' हा अल्बम ऑलिंपियातल्या आपल्या राहत्या घरी केला. तिलाही निदान तेवढी जागा होती. आज रेकॉर्डर आपल्या मोबाइलमध्येच आहे. यंत्राचा प्रश्न बराचसा सुटला.

म्हणून गाणी ऐकून झाली की ती आवडली का, हे मी आधी विचारणार नाही. तुमच्या घरात हा रेकॉर्डर तुम्ही कुठे ठेवला असता, आणि किती वाजता सुरू केला असता, ते सांगा.