चढताना खालीही यावे लागते

(अल्लीपूर येथे झालेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



निकाल लागले, पेढे वाटून झाले. आता प्रवेशाचे दिवस आहेत. इथे समोर बसलेली काही मुले पुढच्या महिन्या-दीड महिन्यात वर्ध्याला जातील, काही नागपूरला. पहिल्यांदाच घराबाहेर राहतील. मला आज त्यांच्या पुढच्या वीस वर्षांबद्दल काही सांगायचे नाही. मला बोलायचे आहे ते त्यांच्या पहिल्या पंधरा दिवसांबद्दल, आणि मुलांपेक्षा जास्त मी आईबाबांशी बोलणार आहे.

अशा कार्यक्रमात पाहुणे सांगतात, स्वतःवर विश्वास ठेवा, मोठी स्वप्ने पाहा. सांगायला हरकत नाही. पण मी या भागातल्या बेड्यांवर आणि पोडांवर इतकी वर्षे फिरते आहे, आणि आधी विश्वास गोळा केला नि मग बस धरली असे एकही मूल मला अजून भेटलेले नाही. सगळी घाबरतच बसमध्ये चढतात. "ताई, मले जमन काय?" हा प्रश्न नव्वद टक्के गुण मिळवलेलाही विचारतो आणि काठावर पास झालेलाही.

आपल्या शेजारच्या जिल्ह्यातली गोष्ट घ्या. हिंगणघाटवरून वरोरा, चंद्रपूर, राजुरा, गडचांदूर करत गेले की जिवतीचा डोंगराळ भाग लागतो. गोंड-कोलामांचा मुलूख. देवाडा, जिवती अशा तिकडच्या आश्रमशाळांतली मुले निवडून आदिवासी विकास विभागाने 'मिशन शौर्य' सुरू केले. ऑगस्ट २०१७ मध्ये प्रशिक्षणाला सुरुवात झाली. पहिला मुक्काम कुठे असेल? वर्धा. आपला वर्धा. मग हैदराबाद, दार्जिलिंग, लेह-लडाख. आणि मे २०१८ मध्ये मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काटमोडे आणि विकास सोयाम हे पाच जण एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले. ८,८४८ मीटर. चंद्रपूरच्या मे महिन्यात मुले पंचेचाळीस अंशांत सावली शोधत असतात, आणि ही त्याच मे महिन्यात बर्फावर चालत होती.

त्यांना भीती वाटली नसेल असे मला वाटत नाही. ज्याने बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर पाहिला, त्याला बर्फाच्या भिंतीवर चढायला सांगितले तर त्याने आत्मविश्वास आणायचा कुठून? पण त्यांच्या आधी एक मुलगी गेली होती. जिवतीच्या डोंगरापलीकडे तेलंगण लागते. तिथल्या निजामाबाद जिल्ह्यातली मालावत पूर्णा, शेतमजुराची मुलगी, सरकारी निवासी शाळेत शिकणारी. २५ मे २०१४ रोजी ती एव्हरेस्टवर पोचली तेव्हा तिचे वय होते १३ वर्षे ११ महिने. तिचा सराव सुरू झाला तो भोंगीरच्या खडकावर. आधी खडक, मग हिमालय. आपल्यासारखे कोणी तरी जाऊन आले आहे हे कळले की मनातला निम्मा अंधार कमी होतो. उरलेला निम्मा चालायला लागल्यावर कमी होतो, तोही एकदम नाही.

मला या मोहिमेतली जी गोष्ट तुमच्यापुढे ठेवायची आहे, ती मात्र शिखराची नाही. एव्हरेस्टवर कोणी पायथ्यापासून सरळ माथ्यापर्यंत चढत जात नाही. तसे गेले तर माणूस मरतो. वर हवा इतकी विरळ असते की माथ्यावर हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे एक तृतीयांश उरतो. शरीराला त्याची सवय व्हायला आठवडे लागतात. म्हणून गिर्यारोहक वरच्या तळापर्यंत जातात आणि परत खाली येतात. जेवतात, झोपतात, पुन्हा चढतात. या वेळी थोडे आणखी वर. पुन्हा खाली. लांबून पाहणाऱ्याला वाटेल, ही माणसे सारखी परत का येतात? जमत नाही काय यांना? पण त्या येण्याजाण्यातच रक्त बदलत असते, श्वास बदलत असतो. खाली येणे हा चढाईचाच भाग आहे.

आणि हेही सांगते, कारण ते कोणी फारसे सांगत नाही. चंद्रपूरची मोहिमेवर गेलेली मुले दहा होती. माथ्यावर पाच पोचली. परत फिरलेल्या पाच जणांचे फोटो आपल्याकडे कमी छापून आले. तीही त्याच लडाखच्या थंडीत राहिली होती, त्याच दोरावर चढली होती. एव्हरेस्टवर वेळेवर मागे वळणे हेही शिकवावे लागते, आणि न वळलेली कितीतरी माणसे त्या डोंगरावर कायमची राहिली आहेत.

आता आपल्याकडची गोष्ट. तीन वर्षांपूर्वीची. नाव सांगत नाही, तिनेच नको म्हटले आहे. कोलाम पोडावरची मुलगी. वडील सालदार, आई रोजीने निंदायला, कापूस वेचायला जाणारी. कोलाम ही आपल्या राज्यातल्या तीन आदिम जमातींपैकी एक, हे इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्या पोडावरून बारावी सायन्स झालेली ती पहिली. जीएनएम नर्सिंगला नंबर लागला. वसतिगृहही मिळाले. वडिलांनी मालकाकडून उचल घेतली, नवी पेटी घेतली, सोडून आले.

नवव्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने ती पेटीसकट परत आली.

मी दुसऱ्या दिवशी गेले. ओट्यावर पाच-सात माणसे बसलेली, जणू घरात कोणी आजारी आहे. वडील म्हणाले, "ताई, मी तर आधीच म्हटलं होतं. आपल्याच्यानं नाही होत हे." एक काकू म्हणाल्या, पोरीसाठी एक चांगली जागा सांगून आली आहे, आता करून टाका. बोलणाऱ्यांपैकी कोणीही वाईट नव्हते. सगळ्यांचा तिच्यावर जीव होता. पण तिच्या मनात शंका होती ती एवढीशी, नऊ दिवसांची. ओट्यावर होती ती चार पिढ्यांची.

तिला काय झाले होते? छळ वगैरे काही नाही. शिकवणे इंग्रजीत, हाडांची नावे इंग्रजीत. खोलीतल्या मुलींनी विचारले, कोलाम म्हणजे काय? तिला सांगता आले नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती कडी लावलेल्या खोलीत झोपत होती आणि तिला झोप येत नव्हती. एवढेच. बाहेरच्याला ऐकताना ते लहान वाटते.

शहाणपणा केला तो तिच्या आजीने. आजीने ओट्यावरच्या माणसांना घरी पाठवले, भाकर आणि अंबाडीची भाजी केली, आणि सांगितले की दोन दिवस पोरीला कोणी काही विचारायचे नाही. पोर झोपली. मग तीन दिवस आईबरोबर निंदायला गेली. निंदता निंदता आईला हाडांची नावे सांगत होती, हे मला आईने नंतर सांगितले. आईला कळले काहीच नाही, पण पोरीला किती येते ते कळले. पाचव्या दिवशी मुलीनेच विचारले, वर्ध्याची पहिली गाडी किती वाजता?

या वेळी वडील सोबत गेले. मालकाकडून एक दिवस सुटी मागितली, आणि सालदाराला निंदणाच्या दिवसांत सुटी मागणे किती अवघड असते ते तुम्ही जाणता. सकाळी वसतिगृहाच्या फाटकाबाहेर बसून राहिले, मुलगी पांढऱ्या गणवेशात बाहेर येईपर्यंत. मग परतले. त्यानंतर 'आपल्याच्यानं होत नाही' हे त्यांच्या तोंडून मी ऐकलेले नाही.

ती पुन्हा आली. पंधरा दिवसांनी. मग महिन्याने. मग थेट दिवाळीला. दर वेळी मधले अंतर वाढत गेले. पहिल्या वर्षी एका विषयात नापास झाली, पुन्हा बसली, सुटली. यंदा तिचे तिसरे वर्ष संपत आहे. परवाच फोन आला होता: "ताई, मी पास होईन ना?" शंका गेलेली नाही. शंकेला सोबत घेऊनच ती शेवटच्या परीक्षेपर्यंत आली आहे.

आमच्या मंडळीतल्यांना एलीयाची गोष्ट माहीत आहे, इतरांसाठी थोडक्यात सांगते. मोठा संदेष्टा, राजाला तोंडावर सुनावणारा. एके दिवशी इतका खचला की रानात पळून गेला, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. देवदूत आला. त्याने एलीयाला झापले नाही आणि उपदेशही केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी पुढे ठेवले. एलीया जेवला, पुन्हा झोपला. दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खाऊ घातले. मग त्या जेवणाच्या बळावर तो चाळीस दिवस चालला. ब्रह्मविद्येच्या वर्गात आम्हाला या अध्यायावर बरेच काही शिकवले, पण मला तो नीट कळला तो त्या पोडावर, आजीच्या चुलीपुढे.

तर आईबाबांनो, तुमचे मूल पहिल्या पंधरवड्यात परत येईल. बहुतेक येतेच. आले तर ओट्यावर सभा भरवू नका. पेटी उघडून कपडे मांडणीवर लावू नका, ती तशीच दाराजवळ राहू द्या. लग्नाची गोष्ट त्या आठवड्यात काढू नका. आणि अर्ज लिहून देऊन नाव कमी करून आणायला धावू नका. आधी वसतिगृहाच्या अधीक्षकांना फोन करून मूल घरी आहे एवढे कळवा. एकदा प्रवेश सुटला की त्या वर्षी परत मिळत नाही. खरेच छळ असेल, आजार असेल, तर ते वेगळे. तेव्हा मला बोलवा, आपण सोबत जाऊ.

मुलांनो, तुम्हाला एवढेच, की जात वैधता प्रमाणपत्राचे कागद अजून ज्यांनी दिले नाहीत त्यांनी या आठवड्यात द्या. वसतिगृहात नंबर लागला नाही तर 'स्वयंम' योजनेचा अर्ज भरायचा असतो, त्यात जेवणाखाण्याचा आणि राहण्याचा खर्च मिळतो. हे कागद वेळेवर झाले नाहीत की मुले म्हणतात, आपल्या नशिबातच नव्हते. नशिबाचा त्यात काही संबंध नसतो, तारीख गेलेली असते.

आता मदत करणाऱ्या मंडळींना. तुम्ही वह्या देता, दप्तरे देता, गुणगौरव करता, त्याबद्दल आभार. पण शिष्यवृत्तीचे पैसे हातात पडेपर्यंत काही महिने जातात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत मुलाला घरी यावेसे वाटते. खिशात परतीचे भाडे नसले की घरी आलेले मूल घरीच राहते. ढाल आणि शाल यांच्या खर्चात दोन-तीन मुलांचे पहिल्या सत्राचे जाण्यायेण्याचे भाडे निघते. ढाली थोड्या कमी करू या, कोणी रागावणार नाही. आणि जे वर्ध्याला किंवा नागपूरला राहता, त्यांनी दुसऱ्या रविवारी उपासनेनंतर वसतिगृहात जाऊन एकेका मुलाला भेटा. सोबत डबा न्या. अभ्यासाचे विचारू नका, घरचे विचारा.

मागच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. डाव्या पानावर यंदा बाहेर जाणाऱ्या मुलांची नावे आणि गावे आहेत. उजवे पान कोरे आहे. ज्या मुलाला तुम्ही त्या दुसऱ्या रविवारी भेटाल, त्याच्या नावासमोर आपले नाव आणि फोन नंबर लिहा. चहा व्हायला अजून दहा मिनिटे आहेत, तेवढ्यात होईल.