अट दहावीपर्यंतच होती



मुली शिकल्या की बालविवाह आपोआप थांबतात, असं आपण भाषणांत म्हणतो. मीही म्हणत आलो. बांगलादेशाचा अनुभव वाचला आणि त्यातला 'आपोआप' मी सोडून दिला.

तिथे 1982 मध्ये शाहरास्ती भागात मुलींना शिष्यवृत्ती देण्याचा प्रयोग सुरू झाला. 1994 पासून ही योजना देशभरच्या ग्रामीण भागात गेली. सहावी ते दहावीच्या मुलींसाठी तीन अटी होत्या: 75 टक्के हजेरी, 45 टक्के गुण आणि तोवर लग्न नाही. रक्कम किती? सहावीत महिन्याला 25 टका, दहावीत 60. फारच थोडी. पण फी सरकार भरायचं आणि पैसे मुलीच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा व्हायचे, बापाच्या नव्हे. मला रकमेपेक्षा हे मोठं वाटतं.

काही वर्षांत माध्यमिक शाळांत मुली मुलांच्या बरोबरीला आल्या, मग पुढेही गेल्या. मदरशांतल्या मुलीही या योजनेत होत्या. मुसलमान मुली शिकवत नाहीत म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा.

आणि तरीही 2019 च्या सर्वेक्षणात 20 ते 24 वयाच्या निम्म्याहून किंचित जास्त स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. कारण अट दहावीला संपायची, तेव्हा मुलगी सोळाची असायची. पुढचं कॉलेज लांब, वाटेत छेडछाड, आणि वय वाढेल तसा हुंड्याचा आकडाही वाढतो. गरीब बाप हिशेब करतो आणि उरकून टाकतो. निकाहात मेहर द्यायची मुलाने. पण 1980 पासून हुंडाबंदी असूनही मागणी मुलाकडूनच येते! त्यात 2017 च्या नव्या बालविवाह कायद्याने अठराची मर्यादा ठेवली खरी, पण 'विशेष परिस्थितीत' कोर्टाच्या आदेशाने आणि आईबापांच्या संमतीने पळवाटही ठेवली.

म्हणून आज मी मुलींना काही सांगणार नाही. मागे बसलेल्या मुलांनो, तुम्हाला विचारतो. तुमच्यासाठी स्थळं पाहतात तेव्हा मुलीचं वय आणि देणंघेणं कोण ठरवतं? त्या वेळी तुम्ही त्या खोलीत असता का? चहानंतर एकेकाने उठून सांगा, मी इथेच आहे.